फ्लू उतरला, मग हा न्यूमोनिया कुठून आला?

सांगलीहून एका मुलीने विचारलं आहे. तिचे वडील ६१ वर्षांचे, मधुमेह आहे. स्वाइन फ्लू झाला, चौथ्या दिवशी धाप लागली, सहाव्या दिवशी व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध दिलं, स्टिरॉइड दिलं, पहिल्या दिवसापासून एक ‘मोठं’ अँटिबायोटिकही चालू होतं. आठवडाभरात ऑक्सिजन कमी लागू लागला. डॉक्टर म्हणाले, व्हायरस आता गेल्यात जमा आहे. दोन दिवसांनी पुन्हा ताप चढला, नळीतून पिवळा घट्ट कफ येऊ लागला, एक्स-रेमध्ये उजवीकडे नवा डाग दिसला. कफाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, क्लेबसिएला नावाचा जिवाणू निघाला आणि अँटिबायोटिकांच्या यादीत वरपासून खालपर्यंत ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा). फक्त कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढे ‘आय’ (इंटरमीजिएट, म्हणजे मधला शेरा). तिचं म्हणणं असं: फ्लू बरा झाला तर हे कुठून आलं? अँटिबायोटिक आधीपासून चालू असताना झालंच कसं? बाबांची प्रतिकारशक्ती संपली का, आणि ती वाढवायला काही देता येईल का? आणि आम्ही डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

ताई, तुमच्या वडिलांची फाइल मी पाहिलेली नाही. तेव्हा अमुक औषध द्या, तमुक बंद करा, असं मी इथून सांगणार नाही. जे घडलं ते का घडतं, एवढं मात्र सांगू शकतो. सव्वीस वर्षं छातीच्या आयसीयूत काढल्यावर हा दुसरा ताप माझ्या चांगल्याच ओळखीचा झाला आहे. ऑक्सिजनची गरज उतरू लागते, नातेवाईक पेढ्यांचं बोलू लागतात, आणि मला नेमकी तेव्हाच धास्ती वाटते.

२०१९ चा पूर तुम्ही पाहिला असेल. पाणी ओसरलं म्हणजे पूर संपला, असं सांगलीत कुणी म्हणत नाही. भिंती ओल्या, दार निखळलेलं, घरात गाळ, आणि त्या गाळात साप-विंचू. फ्लूनंतरचं फुप्फुस त्या घरासारखं असतं. व्हायरस गेला हे तुम्हाला खरंच सांगितलं गेलं. घर मात्र अजून उघडं आहे.

उघडं म्हणजे काय ते सांगतो. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर बारीक केसांसारखे रोम असतात. ते एका लयीत हलत कफाचा पातळ थर सतत वर, घशाकडे ढकलत असतात. त्या थराला चिकटलेले जंतू आपण दिवसभर नकळत गिळून टाकतो. इन्फ्लुएंझाचा विषाणू याच पेशींत वाढतो आणि त्यांना मारतो. अस्तर सोललं गेलं की खालचा थर जंतूंना चिकटायला आयता मिळतो. विषाणूच्या अंगावर न्यूरामिनिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं (ओसेल्टामिविर अडवतं ते हेच). ते पेशींवरच्या साखरेची टोकं छाटतं. त्यामुळे न्यूमोकॉकससारख्या जंतूंना पकड मिळते, आणि सुटलेली साखर त्यांना खायलाही मिळते.

हे झालं भिंतींचं. राखणदारांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि ती कळली की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळतील.

फुप्फुसातल्या प्रत्येक वायुकोशात भक्षक पेशी पहारा देत असतात. श्वासाबरोबर चारदोन जंतू आत गेले तर गाजावाजा न करता त्यांना गिळून टाकणं हे त्यांचं काम. इन्फ्लुएंझात या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात. काही जातींच्या उंदरांवरच्या प्रयोगांत पहिल्या आठवड्यातच नव्वद टक्क्यांहून अधिक भक्षक पेशी नाहीशा झालेल्या आढळल्या. ज्या उरतात त्याही नेहमीसारख्या काम करत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेत उंदरांवरच झालेल्या एका अभ्यासाने हे कोडं छान उलगडलं. विषाणू हटवण्यासाठी टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात. विषाणूविरुद्ध ते कामाचं. पण तेच रसायन भक्षक पेशींची जंतू पकडण्याची ताकद कमी करतं. म्हणजे एक लढाई जिंकून देणारं हत्यारच दुसऱ्या लढाईत आपल्या माणसाचे हात बांधतं. आणि हे कधी होतं? विषाणूचा जोर ओसरू लागतो तेव्हा, साधारण सातव्या दिवसाच्या आसपास. तुमच्या वडिलांच्या तारखा पाहा.

यात शरीराची चूक झाली असं मला वाटत नाही. वायुकोशाची भिंत इतकी नाजूक असते की जळजळ तशीच धगधगत राहिली तर तिथे पाणी भरून माणूस त्यानेच जाईल. म्हणून विषाणू आवरता आवरता शरीर आपली आच मुद्दाम मंद करतं. घरात राहणाऱ्या, चालत्याफिरत्या माणसाला हे परवडतं. घशात नळी असलेल्या माणसाला ते महागात पडतं.

रक्तातही असंच चित्र दिसतं. गंभीर आजारात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात. मोनोसाइट पेशींच्या अंगावर एचएलए-डीआर नावाची एक खूण असते. त्या खुणेमुळे त्या इतर पेशींना ‘हा बघा शत्रू’ असं दाखवू शकतात. गंभीर रुग्णांत ती खूण फिकी पडते. आमच्या भाषेत याला प्रतिकारशक्तीचा लकवा म्हणतात. गंमत अशी की त्याच वेळी सीआरपी, म्हणजे रक्तातला जळजळ दाखवणारा आकडा, आकाशाला भिडलेला असतो. म्हणजे प्रतिकार एकाच रुग्णात, एकाच दिवशी, जास्तही असतो आणि कमीही. ‘बाबांची प्रतिकारशक्ती संपली का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, ते यासाठी. त्यात मधुमेहाने पांढऱ्या पेशी आधीच मंदावलेल्या, आणि वरून स्टिरॉइड.

जाता जाता: गोवर याहून वेगळा खेळ खेळतो. तो जुन्या प्रतिकाराची आठवणच पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांच्या अंगातली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवरानंतर नाहीशी झालेली दिसली. फ्लू तसं करत नाही. वडिलांची जुनी आठवण शाबूत आहे. सध्या पहारा ढिला आहे, एवढंच.

हे सगळं नवीन नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून फ्लू शिरला आणि त्या वर्षभरात भारतात एक कोटीहून अधिक माणसं गेली. त्या साथीतले मृत्यू विषाणूनेच झाले असं आपण धरून चालतो. पण त्या काळच्या शवविच्छेदनांतून जपून ठेवलेले फुप्फुसांचे तुकडे अमेरिकेत पुन्हा तपासले गेले. जुने अहवालही वाचले गेले. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आला: बहुसंख्य मृत्यू मागाहून झालेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले होते. न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस हे त्यातले मुख्य. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. २००९ च्या स्वाइन फ्लूत पेनिसिलिनच काय, शंभर अँटिबायोटिकं हाताशी होती, तरी अमेरिकेत तपासलेल्या ७७ मृतांपैकी २२ जणांच्या फुप्फुसात जिवाणू सापडलेच.

आता तुमच्या वडिलांचा जंतू या यादीत का नाही ते पाहू. घरी असलेल्या माणसाला फ्लूनंतर जो न्यूमोनिया होतो तो बहुधा त्याच्याच घशातल्या न्यूमोकॉकसने किंवा स्टॅफने होतो. हॉस्पिटलमध्ये, त्यातही व्हेंटिलेटरवर, खेळाडू बदलतात. गंभीर आजारी माणसाच्या तोंडातले नेहमीचे निरुपद्रवी जंतू काही दिवसांतच मागे हटतात आणि त्यांच्या जागी क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास असे जंतू मुक्काम ठोकतात. क्लेबसिएला तर आपल्या आतड्यातच राहतो. तो बाहेरून आला असेल किंवा बाबांच्याच पोटातला असेल.

श्वासनलिकेतल्या नळीच्या टोकाला एक फुगा असतो. लाळ खाली जाऊ नये म्हणून तो फुगवून ठेवतात. पण तो कितीही फुगवला तरी त्याच्या वर साचलेली लाळ थेंबाथेंबाने झिरपतेच. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत थर जमतो तो निराळाच. खोकण्याची ताकद झोपेच्या औषधाने गेलेली. पहारेकरी झोपलेले. आता बघा, आणखी काय हवं त्या जंतूला?

आणि हात. हे आमच्या पेशातल्या माणसाने कबूल करायला हवं. काही वर्षांपूर्वी मी काम करत असलेल्या एका आयसीयूत शेजारशेजारच्या तीन खाटांवर एकामागून एक अ‍ॅसिनेटोबॅक्टर निघाला. आम्ही व्हेंटिलेटर तपासले, पाणी तपासलं, एसी तपासला. शेवटी तो सापडला बीपीच्या पट्ट्यावर. एकच पट्टा तिन्ही रुग्णांना फिरत होता. हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. त्या दिवसापासून प्रत्येक खाटेला वेगळा पट्टा आला. पण तो यायला तीन रुग्ण लागले, हे मी विसरत नाही.

दुसरा प्रश्न: अँटिबायोटिक चालू असताना झालंच कसं?

खरं तर जे चालू होतं त्यानेच या जंतूला वाट मोकळी करून दिली असण्याची शक्यता बरीच आहे. आपल्या आतड्यात आणि तोंडात कोट्यवधी साधे जंतू असतात. ते जागा अडवून बसतात, म्हणून उपद्रवी जंतूंना पाय ठेवायला जागा मिळत नाही. मोठं अँटिबायोटिक दिलं की हे साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारा उरतो. शेतात तणनाशक मारल्यावर त्याला दाद न देणारं तणच माजतं, तसं. ‘पुढे इन्फेक्शन होऊ नये म्हणून आधीच देऊन ठेवू’ हा विचार ऐकायला शहाणपणाचा वाटतो. विषाणूच्या आजारात तो अनेकदा उलटतो.

कोविडमध्ये याचा मोठा हिशेब मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये आकडे जाहीर केले: कोविडने हॉस्पिटलात दाखल झालेल्यांपैकी साधारण ८ टक्के लोकांनाच अँटिबायोटिक लागावं असा जिवाणूंचा संसर्ग होता, आणि अँटिबायोटिक मिळालं सुमारे ७५ टक्क्यांना. मीही त्यात आहे. २०२० च्या उन्हाळ्यात मी अझिथ्रोमायसिन लिहिलं. सगळेच लिहीत होते. २०२१ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला की त्याचा दाखल रुग्णांना काहीही उपयोग झाला नाही.

आपल्याकडचं चित्र आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात आहे. देशातल्या दहा रुग्णालयांत २०२० च्या जून ते ऑगस्टमध्ये दाखल झालेले १७,५३४ कोविड रुग्ण पाहिले. त्यातल्या फक्त ३.६ टक्के लोकांना मागाहून जिवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग झाला. एकूण मृत्यूचं प्रमाण १०.६ टक्के होतं. मात्र हा दुसरा संसर्ग झालेल्यांत ते ५६.७ टक्के. सर्वांत जास्त सापडलेला जंतू कोणता? क्लेबसिएला. त्याच्या पाठोपाठ अ‍ॅसिनेटोबॅक्टर. हा आकडा तुम्हाला घाबरवायला देत नाही. दुसरा संसर्ग मुळातच जास्त आजारी माणसाला होतो, म्हणून सगळा दोष त्या जंतूवर घालता येत नाही. पण हा ताप ‘होतं असं कधीकधी’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही, हे त्यातून कळतं.

पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने व्हेंटिलेटरवरच्या ५८५ रुग्णांचा दिवसागणिक माग काढला. कोविडच्या रुग्णांत मृत्यू ठरवणारी मोठी गोष्ट ‘प्रतिकाराचं वादळ’ नव्हती. मागाहून झालेला न्यूमोनिया बरा झाला की नाही, यावर बरंच काही अवलंबून होतं. माझ्या दृष्टीने ही उमेद देणारी बातमी आहे. वादळावर आपल्या हातात फार काही नसतं, न्यूमोनियावर असतं.

आता ‘आर’च्या त्या रांगेबद्दल. मेरोपेनेम हे मोठं अँटिबायोटिक ज्या कुळातलं आहे त्या कार्बापेनेम औषधांना फोडणारं एक विकर आहे, एनडीएम. २००९ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं ते नवी दिल्लीवरून, कारण ज्या स्वीडनच्या रुग्णात ते सापडलं त्याच्यावर दिल्लीत उपचार झाले होते. नावावरून २०१० मध्ये आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. देशाची बदनामी, मेडिकल टुरिझमविरुद्धचा कट, वगैरे. पण त्या गदारोळाच्या आधीच, त्याच वर्षी मार्चमध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशाच्या वैद्यकीय मासिकात असे २२ जंतू सापडल्याचं छापलं होतं. नावावर भांडण्यात आपण जो वेळ घालवला त्यात जंतू पसरत गेला. हे विकर बनवायची कृती प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनएच्या कड्यावर असते, आणि जंतू ती कडी एकमेकांना देतात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. त्यामुळे आज आयसीएमआरच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत सापडणाऱ्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी दहातले सुमारे नऊ कार्बापेनेमला दाद देत नाहीत. क्लेबसिएलाची गत त्याहून थोडी बरी, फार नाही.

तरीही ‘सगळं आर’ म्हणजे ‘सगळं संपलं’ नव्हे. रिपोर्ट वाचायला शिका, म्हणजे डॉक्टरांशी बोलणं सोपं जाईल.

कोलिस्टिनपुढचा ‘आय’ पाहून बिचकू नका. अमेरिकी मानकांनी २०२० पासून या जंतूंसाठी कोलिस्टिनला ‘एस’ (औषध लागू पडतं) हा शेराच ठेवलेला नाही. आता फक्त ‘आय’ किंवा ‘आर’. कारण हे औषध जुनं आणि मूत्रपिंडाला त्रास देणारं आहे, आणि शिरेतून दिलं तर फुप्फुसात जेमतेमच पोचतं. म्हणून काही ठिकाणी त्याची वाफही देतात. ‘एस’ लिहिलेलं प्रत्येक औषध फुप्फुसात चालतंच असंही नाही. टायजेसायक्लिनपुढे ‘एस’ असतं, पण रक्तात त्याची पातळी कमी राहते आणि व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियात त्याचे निकाल वाईट आले आहेत. डॅप्टोमायसिनची तऱ्हा तर न्यारीच. स्टॅफविरुद्ध उत्तम औषध, पण वायुकोश फुगलेले ठेवणारा जो स्निग्ध थर असतो, सर्फॅक्टंट, तोच त्याला निकामी करतो. रक्तात वाघ, फुप्फुसात शेळी.

मग तुमच्या वडिलांसाठी काय उरतं? हे जंतूकडे नेमकं कुठलं विकर आहे यावर ठरतं, आणि ते सांगणारी जनुक-तपासणी आता मोठ्या शहरांत त्याच दिवशी होते. ओएक्सए-४८ गटातलं विकर असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम चालू शकतं. एनडीएम असेल तर ते एकटं चालत नाही. त्याच्या जोडीला अ‍ॅझट्रिओनाम द्यावं लागतं. या जोडीची युक्ती मला फार आवडते. अ‍ॅझट्रिओनामला एनडीएम फोडू शकत नाही, पण जंतूजवळची दुसरी विकरं फोडतात. अ‍ॅविबॅक्टम त्या दुसऱ्या विकरांना धरून ठेवतो आणि तेवढ्यात अ‍ॅझट्रिओनाम आपलं काम करून जातं. दोन्ही औषधं एकाच वेळी अंगात असायला हवीत, म्हणून ती देण्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात. खर्च मात्र दिवसाला हजारोंत जातो, तेव्हा आधी विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. आम्हीसुद्धा रुग्णाच्या घरची परिस्थिती पाहूनच बोलतो, किंवा बोलायला हवं.

वर्तमानपत्रात आलेल्या नॅफिथ्रोमायसिनबद्दल नातेवाईक हल्ली विचारतात. २०२४ च्या अखेरीस त्याचा गाजावाजा झाला, दिवसातून एकदा, तीन दिवस. भारतात तयार झालेलं औषध आहे, अभिमान वाटावा असं. पण ते घरी झालेल्या न्यूमोनियासाठी आहे. क्लेबसिएलावर त्याचा उपयोग नाही.

आता ज्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ भांडतो तो: कल्चरमध्ये निघालेला जंतू हाच गुन्हेगार आहे का? व्हेंटिलेटरवर आठवडाभर असलेल्या जवळपास कुणाच्याही नळीतला कफ तपासा, काहीतरी उगवतंच. नळीत राहणारा जंतू वेगळा आणि फुप्फुसात शिरून आजार करणारा वेगळा. तुमच्या वडिलांना नवा ताप आहे, कफ बदलला आहे, एक्स-रेवर नवा डाग आहे. ऑक्सिजनही पुन्हा जास्त लागत असेल तर ही खरी न्यूमोनियाची लक्षणं. पण हेच कल्चर ताप नसताना, ऑक्सिजनची गरज उतरत असताना आलं असतं तर मी औषध दिलं नसतं. रिपोर्टवर उपचार करायचा नसतो, माणसावर करायचा असतो, हे मी दरवर्षी नव्या निवासी डॉक्टरांना सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी रिपोर्टवर उपचार करतंच.

ताप दुसऱ्या कशाने नाही ना, हेही पाहावं लागतं. शिरेतली मोठी नळी, लघवीची नळी, पायातली रक्ताची गुठळी, औषधाचीच अ‍ॅलर्जी. आणि इन्फ्लुएंझानंतर अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचा न्यूमोनियाही होतो. स्टिरॉइड दिलेलं असेल तर तो खास डोक्यात ठेवावा. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने आपल्याला जे शिकवलं ते विसरू नये. देशात ४० हजारांवर रुग्ण, त्यात महाराष्ट्र पुढच्या रांगेत, आणि बहुतेकांच्या कहाणीत वाढलेली साखर आणि हात सैल सोडून दिलेलं स्टिरॉइड. स्टिरॉइडने कोविडमध्ये जीव वाचले हे खरं आहे: ब्रिटनच्या चाचणीत ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. पण तो कोविड होता. फ्लूमध्ये असा फायदा सिद्ध झालेला नाही. निरीक्षणांत उलट मृत्यू आणि हॉस्पिटलमधले संसर्ग जास्तच दिसले आहेत. जास्त आजारी माणसालाच स्टिरॉइड दिलं जातं, त्यामुळे त्या निरीक्षणांवरून शेवटचा निवाडा करता येत नाही. तरीही ‘स्टिरॉइड कशासाठी चालू आहे आणि अजून किती दिवस?’ हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा. काही वेळा त्याला चांगलं कारण असतं. काही वेळा ते नुसतंच फाइलच्या पानावरून पुढच्या पानावर उतरत राहिलेलं असतं. मनाने बंद करायला मात्र सांगू नका, एकदम थांबवणंही धोक्याचं असतं.

प्रतिकारशक्ती वाढवणारं काही? नाकातल्या नळीतून काढा घालू द्या, असा आग्रह मला महिन्यातून दोनदा तरी होतो. मी नाही म्हणतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर वादही झाला. पण कोलिस्टिनने मूत्रपिंड धास्तावलेलं असताना यकृताशी खेळ करायची ही वेळ नव्हे. आणि ‘वाढवणं’ ही कल्पनाच इथे लंगडी आहे, हे वर सांगितलंच. इंटरफेरॉन-गॅमाचं इंजेक्शन देऊन व्हेंटिलेटरवरच्यांचा न्यूमोनिया टळतो का, हे युरोपात रीतसर चाचणी करून पाहिलं. सुरक्षिततेच्या काळजीने चाचणी मध्येच थांबवावी लागली, आणि न्यूमोनिया टळला नाही. मोठमोठ्या किमतीच्या इम्युनोग्लोब्युलिनची शिफारस कुणी केली तर ‘याच आजारात याचा पुरावा काय?’ असं शांतपणे विचारा.

प्रतिकाराला खरी मदत होते ती कंटाळवाण्या गोष्टींनी. साखर १४० ते १८० च्या दरम्यान राहणं. नळीतून पुरेशी प्रथिनं जाणं. झोपेचं औषध रोज थांबवून माणूस जागा होतोय का पाहणं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणं. दात-तोंड घासून स्वच्छ करणं. पाठीची फिजिओथेरपी. आणि नळी जितक्या लवकर काढता येईल तितक्या लवकर काढणं. पहारेकरी आपोआप कामावर परततात. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तोवर दार आपण लावून ठेवायचं असतं.

डॉक्टरांना विचारायचं ते यातूनच निघतं. जंतूत कुठलं विकर आहे ते तपासलं का? आधीचं अँटिबायोटिक आता बंद केलं का, की नव्याच्या जोडीला तेही चालू आहे? नवं औषध किती दिवस? बहुतेकदा सात दिवस पुरतात. ‘पंधरा दिवस देऊन टाकू’ हा जुना हिशेब २००३ मध्येच फ्रान्समधल्या चाचणीने मोडीत काढला आहे, अपवाद असतात ते डॉक्टर सांगतील. सुधारणा दिसायला दोन ते तीन दिवस द्या. एक्स-रेकडे बघत बसू नका, तो नेहमीच मागे रेंगाळतो. ऑक्सिजन किती टक्के लागतोय, रक्तदाब टिकवून धरणारं औषध कमी होतंय का, कफ पातळ झाला का, हे विचारा. आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा, आणि दुसऱ्या खाटेवरच्या आजींची विचारपूस करताना त्यांचा हात हातात घेऊ नका. प्रेमाने केलेली ही गोष्ट जंतूला मात्र सोयीची असते. एखाद्या डॉक्टरने हात न धुता बाबांना हात लावला तर त्यालाही म्हणा. मला एका आजोबांच्या सुनेने म्हटलं होतं. राग आला. मग हात धुतले.

बाबा घरी आले की खोकला राहील, काही आठवडे राहील. तो महिन्याभरातही कमी झाला नाही, पुन्हा बारीक ताप येऊ लागला, वजन घटू लागलं, तर औषधाच्या दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणून देऊ नका. क्षयरोगाचा जंतू त्या औषधाने अर्धवट दबतो आणि निदान लांबतं. स्टिरॉइड घेतलेला मधुमेही माणूस, शिवाय आपला देश. आधी थुंकीची सीबीनॅट ही क्षयाची तपासणी करा, सरकारी केंद्रात ती फुकट होते.

आणि आईंचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मीच सांगतो. फ्लूची लस त्यांना आणि तुम्हाला दोघींनाही दरवर्षी घेता येते, पावसाळ्याआधी घेतली तर उत्तम. न्यूमोकॉकसची लस बाबांना ठीक झाल्यावर द्या. ती क्लेबसिएलाला अडवणार नाही. पुढच्या फ्लूनंतर दारात उभा राहणारा जो नेहमीचा चोर आहे, त्याला मात्र अडवेल.